पोस्ट-रॉक म्हणजे काय रे भाऊ?

आत्याला सांगलीहून मिरजेला सोडायला निघालो होतो. पुष्पराज चौक मागे पडला, विश्रामबाग आलं, तरी गाडीतल्या स्पीकरवर गिटारचे तेच चार स्वर फिरून फिरून येत होते. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अरे, अजून गायला सुरुवात का करेना हा?"

"यात कोण गात नाही गं. नुसतं वाजवतात."

"मग वाजवू दे की धड. हे म्हणजे पानात मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी झाली, कोशिंबीर झाली, आणि भात काही येईना."

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' हा बँड चालू होता. गाणं दहा मिनिटांचं. भात आला तेव्हा आम्ही मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपाशी पोचलो होतो, आणि आला तो अख्खी पंगत उलथवूनच. आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाज खाली गेल्यावर तिने विचारलं, "याला म्हणतात काय?"

"पोस्ट-रॉक."

"म्हणजे?"

हे संगीत ऐकायला लागून मला पंधरा वर्षं झाली, पण तिचं फाटक येईपर्यंत धड उत्तर देता आलं नाही. "जरा गुंतागुंतीचं आहे" असं काहीतरी पुटपुटलो. "सांगता येईना तर ऐकतोस कशाला?" म्हणत ती पिशवी घेऊन उतरली. फाटकापाशी द्यायला हवं होतं ते उत्तर आता देतोय. लांबलंय, पण या संगीतात सगळंच लांबतं.

ऐकतोस कशाला, हे तसं सोपं आहे. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. सौद्याच्या दिवशी पोती, वजन, दर, हमाली, तोलाई असे आकडे सकाळपासून डोक्यात घुसत असतात. अशा वेळी कानात शब्दांचं गाणं असलं की बेरीज चुकते. आकडे आपण मनातल्या मनात म्हणत असतो, आणि डोक्यातल्या त्याच बाकावर गाण्याचे शब्दही येऊन बसायला बघतात. मग ढकलाढकली. शब्द काढले की बाक मोकळा होतो. एका मित्राने पेनड्राइव्हवर शब्द नसलेलं बरंच काही भरून दिलं होतं, त्यात हे निघालं. आधी बेरजा बरोबर यायला लागल्या, प्रेम नंतर जडलं.

पोस्ट-रॉक म्हणजे काय, हे मात्र सोपं नाही. यातल्या 'पोस्ट'चा टपालाशी संबंध नाही. हा 'नंतरचा' या अर्थाचा पोस्ट. रॉकनंतरचं ते पोस्ट-रॉक. पण 'नंतरचं' हे काही वर्णन झालं नाही. आपल्याकडे 'साठोत्तरी साहित्य' म्हणतात ना, तसंच. १९६० नंतरचं, एवढंच त्या शब्दात आहे. त्या एका पोत्यात लघुअनियतकालिकवाले, दलित कविता, ग्रामीण कथा असं सगळं कोंबलंय. पोत्यावरचं नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही. मंडळी कुठून उठून निघाली तेवढं कळतं. तेव्हा आधी ती कुठून उठली ते बघू.

रॉकचं नेहमीचं गाणं घ्या. त्यात गाणारा असतो. मुखडा असतो, अंतरा असतो, पुन्हा मुखडा. गिटारकडे मुख्यतः दोन कामं असतात. एक म्हणजे रिफ: दोन-चार सेकंदांचा असा तुकडा, की तो वाजला की लोक गाणं ओळखून ओरडायला लागतात. दुसरं म्हणजे पॉवर कॉर्ड. नाव दांडगं आहे, पण आत फक्त षड्ज आणि पंचम असतात. सा आणि प. तेच फाटक्या, खरखरीत आवाजात एकदम दाणकन वाजवायचे. (मिरजेत बनणारा तानपुराही बहुतेक वेळा याच दोन स्वरांत लावतात. एकच सामान, एकाने त्याची भिंत रंगवली, दुसऱ्याने तीच भिंत फोडली.)

१९९४ साली सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकाने 'बार्क सायकोसिस' या लंडनच्या बँडच्या 'हेक्स' या अल्बमबद्दल 'मोजो' मासिकात लिहिताना पोस्ट-रॉक हा शब्द वापरला. त्याच वर्षी मे महिन्यात 'द वायर' या मासिकात त्याने त्यावर मोठा लेखच लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या मंडळींच्या हातात वाद्यं रॉकचीच आहेत, पण त्यांच्याकडून काम वेगळंच करून घेतलं जातंय. गिटारने रिफ वाजवायचा नाही, तर आवाजाचा पोत आणि रंग तयार करायचा. शब्द आपणच पहिल्यांदा काढला नाही, तो आधीही कुणी कुणी वापरला होता, हे नंतर त्यानेच मान्य केलं. पण आज आपण जो अर्थ लावत बसतो तो त्याच्या लेखापासून सुरू होतो.

आता इथे एक मेख आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रेनल्ड्सने सांगितलं ते वाद्यांचं *काय करायचं* याबद्दल होतं. ऐकायला *कसं लागतं* याबद्दल त्यात काही नव्हतं. कोयता उसासाठीही चालतो आणि शहाळ्यासाठीही. 'कोयत्याने उसाव्यतिरिक्त काहीही तोडणारे' असा एक वर्ग केला तर त्यात कोण कोण येईल? पहिल्या यादीतले बँड तसेच होते, एकमेकांशी फारसं न जुळणारे. सीफील, डिस्को इन्फर्नो, प्रॅम. कोणी सँपलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) घेऊन बसलेले, कोणी गिटारचा आवाज ओळखू येणार नाही इतका पातळ करणारे. आज पोस्ट-रॉक म्हणून जे ऐकतो त्याच्या शेजारी हे लावले तर आत्या म्हणेल, हे तर दुसरंच काहीतरी आहे. आणि यातले बरेच जण चक्क गात होते! बार्क सायकोसिसही गात होता. म्हणजे शब्द नाहीत म्हणून ज्याच्या प्रेमात मी पडलो, त्याच्या बारशालाच गायक हजर होता.

मागे गेलं तर आणखी पंचाईत होते. पुष्कळ जण या घराण्याचा मूळपुरुष म्हणून 'टॉक टॉक' या इंग्रज बँडकडे बोट दाखवतात. १९८४ च्या आसपास हे लोक नाचता येईल अशी, सिंथेसायझरची चकचकीत गाणी करत होते. मग मार्क हॉलिस या त्यांच्या गायकाला काय झालं कोण जाणे. १९८८ चा 'स्पिरिट ऑफ ईडन' त्यांनी लंडनच्या एका स्टुडिओत महिनोन्महिने, जवळजवळ अंधारात बसून ध्वनिमुद्रित केला. एकेक वादक बोलवायचा, त्याला मनाला येईल ते वाजवू द्यायचं, आणि मग हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्या तासन्‌तासांच्या वादनातले कणभर तुकडे ठेवून बाकी टाकून द्यायचं. पोतंभर पाखडून मूठभर. त्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त काय ऐकू येत असेल तर जागा. दोन स्वरांच्या मधली रिकामी जागा. १९९१ चा 'लाफिंग स्टॉक' तर त्याहूनही विरळ. हॉलिस २०१९ मध्ये गेला. त्याआधी कितीतरी वर्षं त्याने संगीतातून अंगच काढून घेतलं होतं. मला विचाराल तर पोस्ट-रॉक नावाखाली झालेल्या कामात या दोन अल्बमच्या उंचीचं फार थोडं आहे. तरी मी आठवड्यातून ऐकतो ते दुसरंच. माणसाचं असंच असतं.

१९९१ मध्येच अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावात 'स्लिंट' नावाच्या चार पोरांनी 'स्पायडरलँड' काढला. विशीच्या आसपासची पोरं. गाणं म्हणण्याऐवजी कुजबुजल्यासारखं बोलायचं, गिटार हळू आणि तुटक, आणि मग एकाएकी किंचाळी. हळू-हळू-हळू-धडाम हा जो साचा पुढे गावभर झाला, त्याचं बी इथलं. तिकडे शिकागोत 'टॉर्टॉइज' होते. त्यांचा काटा वेगळाच: दोन ड्रम, व्हायब्राफोन आणि मरिंबा ही काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांची वाद्यं, आणि एक ठेका हळूच दुसऱ्यात मिसळत नेण्याची कला. १९९६ च्या त्यांच्या अल्बममधलं पहिलंच गाणं वीस मिनिटांच्या वर आहे, आणि त्यात धडाम कुठेच नाही. आत्याच्या भाषेत, भात नाहीच; कोशिंबिरीच इतक्या आहेत की पोट भरतं.

या दोघांच्या मागेही माणसं उभी आहेत. सत्तरच्या दशकातले जर्मनीतले 'कॅन' आणि 'नॉय!' हे बँड, ज्यांचा एकसुरी सरळ ठेका ऐकताना रात्री हायवेला लागल्यासारखं वाटतं. जमैकातला किंग टबी, जो तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, उरलेल्या ढोल-बासवर प्रतिध्वनी सोडायचा आणि मिक्सिंगचं टेबलच वाद्यासारखं वाजवायचा. न्यूयॉर्कचा ग्लेन ब्रांका, ज्याने गिटारींचा ताफा उभा करून त्यांच्याकडून सिंफनी वाजवून घेतल्या. रॉकच्या गाण्यातून गायक उठवता येतो, उरलेलं तरीही कोसळत नाही, हे या सगळ्यांनी आधीच दाखवून दिलं होतं.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुसरी लाट आली, आणि तुम्ही आज मोबाइलवर पोस्ट-रॉक शोधलंत तर जे समोर येईल ते या लाटेतलं. ग्लासगोचे 'मोग्वाय', १९९५ मध्ये जमलेले. त्यांच्या १९९७ च्या 'यंग टीम'मधलं शेवटचं गाणं सोळा मिनिटांचं. आइसलँडचे 'सिगुर रोस', ज्यांचा गायक योन्सी गिटारवर चेलोचा गज फिरवतो, सारंगी वाजवावी तसा. ऑस्टिनचे एक्स्प्लोजन्स, तीन गिटार आणि एक ड्रमर. टोकियोचे 'मोनो'. आणि माँट्रियलचे 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर', ज्यांच्यावर माझा जीव सगळ्यात जास्त. स्टेजवर हे आठ-नऊ जण गोलाकार बसतात, लोकांकडे फारसं बघतही नाहीत, आणि मागे पडद्यावर १६ मिलिमीटरच्या जुन्या फिल्म फिरत असतात. त्यांच्या २००० सालच्या दुहेरी अल्बममध्ये गाणी किती? चार. वेळ किती? जवळजवळ सत्त्याऐंशी मिनिटं. पहिलं गाणं सांगलीत सुरू केलं तर मिरजेत संपतं. हे मी मोजलेलं आहे, वाटेत सिग्नल किती लागतात त्यावर मिनिट इकडेतिकडे.

त्यांच्या १९९७ च्या पहिल्या एलपी रेकॉर्डची एक गोष्ट मला फार आवडते. रेकॉर्डच्या पाकिटात त्यांनी आगगाडीच्या चाकाखाली चपटं केलेलं एक कॅनडियन पेनीचं नाणं घातलं होतं. आम्ही पोरं मिरज जंक्शनच्या अलीकडे रुळावर दहा पैसे ठेवून हेच करायचो आणि मार खायचो. माँट्रियलमध्ये तेच करून लोक कलावंत झाले. शिवाय त्या रेकॉर्डची शेवटची खाच बंद वर्तुळाची होती. सुई तिथे पोचली की तोच तुकडा फिरत राहतो, तुम्ही उठून सुई उचलेपर्यंत. गाणं कुठे संपवायचं ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं.

या लाटेने नावाचा अर्थ बदलला. आधी 'वाद्यांचं वेगळं काम' हा अर्थ होता. आता ठरावीक *आवाज* हा अर्थ झाला: शब्द नाहीत, गिटार लांबून आल्यासारखी, सुरुवात मुंगीच्या पावलाने, मग थरावर थर, शेवटी कडेलोट. जुना अर्थ मेला नाही आणि नवा येऊन शेजारी राहायला लागला. म्हणून दोन शौकीन भांडतात तेव्हा बहुतेक वेळा एक जण जुन्या अर्थाने बोलत असतो, दुसरा नव्या. सिगुर रोस गातात, मग ते पोस्ट-रॉक कसे? जुन्या अर्थाने काहीच अडचण नाही. नव्या अर्थाने जरा खाली-वर होतं, कारण ते गातात तेही बऱ्याचदा अर्थ नसलेल्या, स्वतःच बनवलेल्या अक्षरांत. २००२ च्या त्यांच्या अल्बमला नावाऐवजी नुसता कंस आहे आणि आतली पुस्तिका कोरी. शब्द तुमचे तुम्ही लिहा. अहमदाबादेत सुरू झालेला 'अॅज वी कीप सर्चिंग' हा आपल्याकडचा बँड तर सरळ हिंदीत गातो, आणि त्याला कोणी या पंगतीतून उठवत नाही.

बँडवाल्यांना विचाराल तर बहुतेकांना हे नाव आवडत नाही. ते आपण सोडून देऊ. कांदाभजीला काय म्हणायचं हे भज्याला कोण विचारतं?

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

माझ्याकडे एक डिले पेडल आहे. पत्र्याची डबी, मुठीपेक्षा थोडी मोठी, वर तीन बटणं. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर स्पीकरकडे. पहिलं बटण ठरवतं की तुम्ही वाजवलेला स्वर किती वेळाने परत येणार, दुसरं किती वेळा येणार, तिसरं किती मोठ्याने. एवढंच. दंडोबाच्या डोंगरावर उभं राहून समोरच्या कड्याकडे तोंड करून 'ओ' दिलीत तर कडाही तुम्हाला 'ओ' देतो, तेच हे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कडा ८५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १७० मीटर, म्हणजे बरोबर अर्ध्या सेकंदाने उत्तर. पेडल म्हणजे खिशात घालून नेता येणारा कडा, आणि बटण फिरवलं की कडा पुढे-मागे सरकतो.

आता मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, ५०० मिलिसेकंद. डिले ३७५ वर ठेवला, म्हणजे पाऊण मात्रेवर, आणि मी नुसते अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर साधे स्वर वाजवत गेलो, की परत येणारे स्वर माझ्या स्वरांच्या बरोबर फटीत पडतात. मी एक वाजवतो, ऐकू येतात दोन, दुगुन लागल्यासारखी. हात संथ, आवाज घोडदौडीचा. रात्री जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसून हे पहिल्यांदा जमलं तेव्हा बायको आतून बाहेर येऊन बघून गेली, कोण आलंय म्हणून.

याच्याच जोडीला रिव्हर्ब. त्यातही प्रतिध्वनीच असतात, पण इतके दाट की वेगवेगळे मोजता येत नाहीत. आडात डोकं घालून बोलल्यावर आवाज जसा गोल होऊन वर येतो, तसा. डिलेला कडा लागतो, रिव्हर्बला आड. ही दोन हत्यारं हातात आली की एका स्वराचा ठिपका राहत नाही, त्याचा डाग होतो, शाईसारखा पसरलेला. असे तीन गिटारवाले तीन डाग एकमेकांवर पसरवत बसले की रेनल्ड्स ज्याला पोत म्हणत होता तो तयार होतो. मग रिफ वाजवायची गरजच उरत नाही.

हे मी मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराला दाखवलं होतं. गिटारची घोडी झिजली होती म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो, पेडल पिशवीत होतं. चाचांच्या पुढ्यात एक तानपुरा जवारी काढायला आडवा पडला होता. घोडीचा वरचा भाग ते कानशीने कणकण घासत होते, मध्येच बोट फिरवून बघत होते. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवला. तार छेडली: नुसता 'टंग'. दोरा केसभर पुढे घेतला: तसंच. पुन्हा केसभर मागे. आणि एकदम तार उघडली. एकाच तारेतून वरचे वरचे स्वर फुटायला लागले, ऊन पडल्यावर पाण्यावर चमकतं तसे. तार तीच, दोराही तोच, फक्त जागा केसभर बदललेली. माझं पेडल ऐकून चाचा म्हणाले, "हे पण जवारीच की. आमची घोडीवर असते, तुमची डबीत." जाणकार मंडळी म्हणतील, दोन्हीचं शास्त्र वेगळं आहे, आणि ते खरंच आहे. जवारीत तारेतलेच उपस्वर खुलतात, डिलेत तोच स्वर उशिरा परत येतो. पण एका स्वरातून गर्दी उभी करायची, ही हौस दोन्हीकडे एकच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या केसभर सरकवण्याला मिळालं असं मी समजतो.

मिरजेचं नाव निघालंच आहे तर एक धागा सांगतो, ओढून न ताणता. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे आजही गाणं होतं. त्यांच्याच नात्यातले उस्ताद अब्दुल वहीद खाँ, त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. हे प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे शिष्य झाले. एकच स्वर तासन्‌तास धरून ठेवण्याचं वेड यंगला त्याआधीच होतं. साठच्या दशकात त्याच्या मंडळीत व्हायोला धरून बसणारा जॉन केल पुढे तेच वेड 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडमध्ये घेऊन गेला. म्हणजे पोस्ट-रॉक मिरजेत जन्मलं असं मी म्हणत नाही. पण तो षड्ज भरून ठेवण्याचा सोस एका टोकाला आत्याच्या घरापासून पाच मिनिटांवर सापडतो, एवढं खरं.

आत्या दरवर्षी उरुसाला जाते. मांडी घालून, पदर सावरून, पाऊण तासाचा विलंबित ख्याल ऐकते. मी तिला नंतर म्हटलंच, "तिथं कुठं गं शब्द असतात? दोन ओळी, त्याही नीट कळत नाहीत." ती म्हणाली, "कळत नाहीत, पण समेवर येतोय का नाही ते कळतं. तुझ्या त्याला सम आहे का?"

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. सतारीत आलापापासून शेवटच्या वेगवान झाल्यापर्यंत, ख्यालात विलंबितापासून द्रुतापर्यंत चढत जाणं दोन्हीकडे आहे. पण रागात चढतो तो राग: एकेक स्वर उलगडत, लय वाढत. पोस्ट-रॉकमध्ये सुरावट बहुतेक वेळा तीच राहते, लयही तीच. चढतात ते थर आणि आवाजाची पातळी. आवाज दहा डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. शांत भाग आणि शेवटचा धबाबा यांत वीस डेसिबलचं अंतर असेल तर चौपट. आता हा फरक घरात, रात्री, हेडफोनवर पुरता कळतो. गाडीत मात्र इंजिन, हॉर्न, पंख्याचा आवाज हे सगळे सुरुवातीची पाच मिनिटं खाऊन टाकतात, म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि मग शेवट कानठळ्या बसवतो. आत्याला त्या दिवशी जे ऐकू आलं त्यात तिचा काही दोष नव्हता. चूक माझी, मी ते गाडीत लावलं.

सम आहे का, तर आहे, पण एकच. दहा मिनिटांत एकदा. बाकी सगळी वाट बघणं. वाट कशाची बघतोय ते ठाऊक असतं, कधी येणार ते नसतं, आणि त्या अंदाजाच्या मागे-पुढे वादक तुम्हाला खेळवतो. अंगावर काटा येतो तो धडामच्या आधीच्या क्षणी, सगळं एका श्वासापुरतं थांबतं तेव्हा. निदान माझ्या तरी.

आणि तिथेच या प्रकाराची खोड आहे. एकदा साचा कळला की कोणीही ओतायला लागतो. दोन हजार पाचनंतर असे शेकडो बँड आले: चार स्वर, डिले, आठव्या मिनिटाला स्फोट, आणि गाण्याला एक लांबलचक उदास नाव. (शब्द नसल्यामुळे नावावर सगळा भार येतो, ओळभर लांबीची नावं इथे सर्रास.) जाहिरातीत आणि सिनेमात भावुक प्रसंग आला की तेच मागे वाजायला लागलं. एक्स्प्लोजन्सनी २००४ मध्ये शाळकरी अमेरिकन फुटबॉलवरच्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' सिनेमाला संगीत दिलं ते उत्तमच होतं, पण नंतर आलेल्या नकलांचा उबग आला. रॉकच्या साच्याला कंटाळून निघालेल्यांचा स्वतःचाच साचा झाला. मोग्वायने तो वेळोवेळी मोडला, म्हणून ते टिकले. २०२१ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, सुरुवातीनंतर सव्वीस वर्षांनी. असल्या संगीताला असं यश मिळालेलं मला तरी खोटंच वाटलं होतं.

मग व्याख्या? मला वाटतं, लग्नघरात जसं एखाद्या पोराकडे बघून म्हणतात, "नाक अगदी आत्यावर गेलंय, कपाळ आजोबांचं," तसं इथे आहे. सगळ्यांत मिळून एक गोष्ट नाही. एकाचं नाक जुळतं, दुसऱ्याचं कपाळ, तिसऱ्याचं चालणं. टॉक टॉकची रिकामी जागा मोनोमध्ये आहे, स्लिंटचा हळू-धडाम मोग्वायमध्ये आहे, टॉर्टॉइज आणि गॉडस्पीड यांच्यात मला तर काहीच सारखं दिसत नाही, पण दोघंही एकाच मांडवात येतात. सांगलीचं भडंग आणि चुरमुऱ्याचा चिवडा यांतला फरक कागदावर लिहून दाखवा बरं. लसूण? चिवड्यातही घालतात. तेल? तिखट? तरी इथल्या पोराच्या तोंडात घास गेला की तो सांगतो, हे भडंग नव्हे.

सुरू करायचं असेल तर रात्री करा, हेडफोन लावून, पंखा बंद करून. ज्यांना ख्याल ऐकायची सवय आहे त्यांनी टॉक टॉकपासून. ज्यांना ढोल-ताशा अंगात येतो त्यांनी एक्स्प्लोजन्सचा २००३ चा पाच गाण्यांचा अल्बम आधी घ्यावा. गॉडस्पीड पहिल्याच दिवशी नको. मी तसं केलं आणि वर्षभर त्या वाटेला गेलो नाही.

माझ्या मोबाइलमध्ये पूर्वी 'पोस्ट-रॉक' नावाचं एकच फोल्डर होतं. आत्याच्या प्रश्नानंतर एका रविवारी नीट वर्गवारी करायला बसलो. 'धडामवाले' असं एक केलं, 'गाणारे' असं दुसरं, 'ठेक्याचे' तिसरं. जे कशातच बसेना ते वेळ मारून न्यायला 'बाकी' नावाच्या चौथ्यात टाकत गेलो. संध्याकाळी बघितलं तर पहिल्या तिघांत मिळून जेवढं होतं त्याच्या दुप्पट 'बाकी'त. दुकानात असतो तर मालकांनी वही तोंडावर फेकली असती. मी तशीच पुढे ओढली.